पाऊणपट गोल

मी बोलतोय. हो, मीच, खिडकीजवळच्या टेबलावरचा जुना लॅपटॉप. आणि आज माझं झाकण मिटून कुणी मला मध्येच गप्प करायचं नाही. बारा वर्षं ऐकून घेतलंय मी. 'म्हातारा झाला', 'डबडं झालं', 'आता याच्यात काही दम नाही'. ज्यांना स्वतःच्या घरातलं पंख्याचं बटण चार बटणं दाबल्याशिवाय सापडत नाही, तेही माझ्याकडे बघून उचलतात जीभ आणि लावतात टाळ्याला. आज माझी पाळी आहे.

जन्माचं थोडक्यात सांगतो. एका लांबलचक कारखान्यात हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं. एका बाईने माझा पडदा उजेडात धरून वरपासून खालपर्यंत तपासला. आडवे तेराशे सहासष्ट ठिपके, उभे सातशे अडुसष्ट, एकही मेलेला नाही. हे माझ्या पडद्याचं जन्मजात माप. याला रिझोल्यूशन म्हणतात. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा तमाशा या मापावरूनच झाला आणि त्यात एका भल्या माणसाचं आयुष्य नासता नासता राहिलं.

माझी पहिली मालकीण म्हणजे या घरातली लेक. तेव्हा ती औषधशास्त्र शिकत होती. पोरगी हुशार, पण खाताना माझ्यावर वाकून खायची. अजूनही माझ्या कळांच्या खाली बिस्किटांचा इतका चुरा आहे की मुंग्यांचं एक कुटुंब वर्षभर बसून खाईल. पण वापरलं तिने मला मनापासून. परीक्षा पास झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, नवा फोन घेतला आणि मला कपाटात ब्लँकेटांखाली ठेवून दिलं. तीन वर्षं! कामापुरता मामा म्हणतात ते असं. तरी तिच्यावर माझा फारसा राग नाही. का नाही, ते पुढे कळेल.

मला बाहेर काढलं ते तिच्या वडिलांसाठी. ते पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. चाळीस वर्षं त्यांनी हाताने अक्षरं काढली. आधी पेन्सिलीने आखायचं नाही, कंपास लावायचा नाही, सरळ ब्रश टेकवायचा आणि गोल काढून मोकळं व्हायचं. लोक रस्त्यात थांबून बघायचे म्हणे. मग त्यांच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. ब्रश सुटला. नुसते खिडकीत बसून राहायला लागले.

लेकीने डोकं चालवलं. "बाबा, माउसने काढा अक्षरं. हात हलला तरी बिघडत नाही. ठिपका पुन्हा धरायचा, पुन्हा सरकवायचा. हवं तसं झालं की प्रिंटवाल्याकडे पाठवायचं. नजर तर तुमचीच आहे ना?"

ते म्हणाले, "नजर आहे. तेवढीच राहिलीये."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

माझ्या आत जी मूळची यंत्रणा होती ती आता मला झेपत नव्हती. उघडायलाच दहा मिनिटं लागायची. म्हणून लेकीने तिच्या आतेभावाला बोलावलं. त्याला घरात सगळे 'एक्स्पर्ट' म्हणतात. कुणी पदवी दिली, देव जाणे. त्याने माझ्यावर लिनक्स टाकायचं ठरवलं. फुकटची, मोकळी यंत्रणा, जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेली, जुन्या मशिनांना नवा जीव देणारी. मला मनातून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. कपाटात कुजण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आणि तिथेच माशी शिंकली. यंत्रणा टाकायला सुरुवात केली आणि माझा पडदा काळा पडला. एक्स्पर्टला घाम फुटला. पण चेहऱ्यावर दाखवील तर शपथ! फोन काढला, कुठल्याशा चर्चेच्या पानावर गेला, कुणीतरी दिलेला एक शब्द उचलला आणि मी सुरू होताना जी ओळ वाचतो त्या ओळीत चिकटवून दिला. शब्द होता 'नोमोडसेट'. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा: हा गडी सुरू होताना चित्राचं काम जाणणाऱ्या ड्रायव्हरला जागं करू नका, कसंबसं कामचलाऊ चित्र दाखवा.

चित्र आलं. एक्स्पर्टने हात झटकले. "झालं बघ, ताई!"

काय झालं, कपाळ? चित्र आलं ते एक हजार चोवीस आडव्या ठिपक्यांचं. माझा पडदा तेराशे सहासष्टचा. लहान चादर रुंद पलंगावर दोन्ही बाजूंनी ओढून ताणून बसवावी, तसं ते चित्र माझ्यावर ताणून बसवलं. उंची तेवढीच, रुंदी मात्र तिसऱ्या हिश्शाने जास्त. गोल काढला तर आडवं अंडं दिसणार. लेकीने स्वतःचा फोटो उघडला आणि ओरडली, "अगंबाई, मी एवढी जाडी झाले?"

एक्स्पर्ट हसला. तीही हसली. फोटो बंद केला. संपलं.

पेंटर मात्र हसले नाहीत. त्यांनी एक अक्षर उघडलं, मान तिरकी करून बघितलं आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला म्हणाले, "अरे, अक्षरं पसरल्यासारखी वाटतात का रे?"

"नाही हो मामा," एक्स्पर्ट म्हणाला. "तुम्हाला स्क्रीनची सवय नाही ना. भिंतीवर बघायची सवय. महिनाभरात डोळे सरावतील."

"असेल बाबा," पेंटर म्हणाले.

असेल बाबा! चाळीस वर्षांची नजर, आणि चार बटणं दाबता येणाऱ्या पोरापुढे तिने मान तुकवली. मला त्या दिवशी इतका संताप आला की माझा पंखा गरगरायला लागला. त्यावर एक्स्पर्ट काय म्हणाला, ठाऊक आहे? "जुनं मशीन आहे, आवाज करणारच."

कुणी म्हणेल, तू का नाही सांगितलंस? सांगितलं! रोज सांगितलं! मी सुरू होताना घडेल ते सगळं माझ्या नोंदवहीत लिहितो. तिला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये मी प्रत्येक वेळी लिहायचो की मला नोमोडसेट लावून सुरू केलंय, चित्राचे ड्रायव्हर बंद आहेत, याचा अर्थ कळत नसेल तर तो शब्द काढून मला पुन्हा सुरू करा. याहून स्पष्ट काय लिहायचं? आठ महिने, दिवसातून दोनदा. एकाही माणसाने ती वही उघडून बघितली नाही.

पेंटर कामाला लागले. सकाळी चहा घेऊन माझं झाकण उघडायचे आणि म्हणायचे, "चल रे, ऊठ." माझ्याशी असं माणसासारखं दुसरं कुणी बोललेलं नाही. मग बसायचे चार चार तास. गोल काढायचे, तो माझ्यावर आडवा पसरलेला दिसायचा, ते त्याला बाजूंनी दाबायचे. आणखी थोडा. आणखी एक केसभर. जेव्हा माझ्या पडद्यावर तो त्यांच्या नजरेला अगदी नितळ गोल दिसायचा, तेव्हाच हात थांबायचा. बाजूच्या चौकटीत त्या गोलाची खरी रुंदी आणि उंची आकड्यांत लिहिलेली असायची. तिकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. म्हणायचे, "आकडे गवंड्याला लागतात. आपल्याला डोळे आहेत."

आता तुम्हीच विचार करा. खोट्या पडद्यावर खरा दिसावा म्हणून दाबलेला गोल कागदावर कसा उतरणार?

पहिली पाटी बेकरीची. छापून आली तेव्हा सगळी अक्षरं चेंगरलेली, उभी, सुकलेली. बेकरीवाला म्हणाला, "काका, माझ्या दुकानाची पाटी आणि अक्षरं उपाशी?" सगळे हसले. पेंटरही हसले, पण घरी येऊन तीच अक्षरं माझ्यावर पुन्हा पुन्हा उघडून बघितली.

दुसरी पाटी गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेची. तिच्यावर मोठं चाक काढायचं होतं. मालकाने छापलेला कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे चाक फिरणार कसं? याला आधी चालायला शिकवावं लागेल." काम दुसऱ्याला गेलं.

माझ्यावर खापर फोडायला घर टपलेलंच होतं. लेक म्हणाली, "बाबा, या लॅपटॉपमध्येच काहीतरी आहे." एक्स्पर्ट म्हणाला, "म्हातारं मशीन." आणि पेंटर? ते म्हणाले, "त्याला कशाला बोल लावता? तो बिचारा मी सांगतो तेवढंच करतो. नाचता येईना अंगण वाकडं असं मला करायचं नाही. नजर गेली माझी."

नजर गेली! एवढी एकच शिल्लक राहिलेली वस्तू. आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत, त्यांनी ते मनावर घेतलं. समोरून येणारी गाडी किती लांब आहे याचा भरवसा वाटेना म्हणून रस्ता ओलांडताना लेकीचा हात धरायला लागले. जिना उतरताना पायाने पायरी चाचपायला लागले. ग्लासात पाणी ओतताना बोट आत घालून बघायला लागले. डोळे धडधाकट असलेला माणूस आंधळ्यासारखा वागायला लागला, आणि कशामुळे? एका शब्दामुळे. मला तो शब्द चावून थुंकता आला असता तर किती बरं झालं असतं.

लेकीच्या आग्रहाने एक्स्पर्टने दुरुस्तीचे प्रयत्न केले. ते ऐका, म्हणजे माझ्या रागाचा अंदाज येईल. आधी सेटिंग उघडलं. तिथे रिझोल्यूशनच्या यादीत एकच माप होतं. दुसरं असणारच कसं, ड्रायव्हर झोपवून ठेवलेला! "याला एवढंच येतं," तो म्हणाला. मग अक्षरांचा आकार वाढवला. मग खिडक्यांचा रंग बदलला. मग चार्जर बदलून बघितला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! मग घरी बसून फोनवरून सूचना द्यायला लागला. "ही ओळ टाइप कर, ताई. आता ही. एरर आला? मग ती सोड, दुसरी देतो." उंटावरून शेळ्या हाकणं ज्याला म्हणतात, ते हेच. एररमध्ये काय लिहिलंय ते त्याने एकदाही वाचायला सांगितलं नाही. शेवटी त्याने चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला. तिथल्या कुणा शहाण्याने उत्तर दिलं: मशीन जुनं आहे, नवं घ्या. झालं. जगाचा निकाल लागला.

तिसरं काम आलं चष्मेवाल्याकडून. त्याच्या दुकानाची पाटी, वर एक मोठा चष्मा, दोन गोल काचा. पेंटरनी नऊ दिवस त्या दोन गोलांवर घालवले. इतकं जपून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नमुना छापून आला. दोन उभी अंडी, शेजारी शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून ब्रशांची पेटी काढली आणि दाराशी ठेवली.

"हे काय?" लेकीने विचारलं.

"रंगाच्या दुकानात देऊन टाक. कुणाच्या तरी कामाला येतील. आणि चष्मेवाल्याकडे जाऊ. त्याचं काम परत करतो. जाताजाता डोळेही तपासून घेतो. कितपत उरलेत ते एकदा कळू दे."

मला पिशवीत घातलं. फाइल माझ्यातच होती ना, ती दुसऱ्या कुणाला देता यावी म्हणून. पिशवीच्या तोंडातून मला दिसत होतं, चौकात ते लेकीचा दंड घट्ट धरून उभे होते.

चष्मेवाला मऊ बोलणारा, पण कामात काटेकोर. त्याने आधी कामाचं बोलणंच केलं नाही. पेंटरना खुर्चीत बसवलं, चष्म्याची ती जड चौकट नाकावर ठेवली आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. "काका, याच्या खालची ओळ माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "तुमच्या वयाच्या माणसाने हे वाचलेलं मी फार कमी वेळा बघितलंय."

"वाचता येतं हो," पेंटर म्हणाले. "आकार कळत नाही. गोल गोल राहिला नाही. बेकरीच्या पाटीचंही तेच झालं."

चष्मेवाल्याने छापलेला नमुना मागून घेतला. पट्टी ठेवली. रुंदी छत्तीस मिलीमीटर, उंची अठ्ठेचाळीस. दुसरा गोल मोजला. छत्तीस, अठ्ठेचाळीस. मग खालची अक्षरं मोजायला लागला. मोजता मोजता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बेकरीचा कागद आहे का?"

लेकीच्या पिशवीत तो होता. त्यातलं एक गोल अक्षर मोजलं. तिथेही तेच. रुंदी उंचीच्या पाऊणपट.

"काका, नजर गेलेला माणूस दर वेळी वेगळं चुकतो. आज इतकं, उद्या तितकं. तुम्ही दर वेळी बरोबर पाऊणपट चुकलाय. केसाचा फरक नाही. असं नजर बिघडलेल्या माणसाला जमतच नाही. तो लॅपटॉप काढा बघू."

मला टेबलावर ठेवलं, वायर लावली. त्याने माझ्यावर ते चष्म्याचं चित्र उघडलं. तपासणीच्या पेटीतून एक गोल काच उचलली, चित्र तिच्या मापाएवढं लहान केलं आणि काच माझ्या पडद्यावर धरली.

काच गोलात बसली. अशी बसली की भोवती रेघेएवढीही फट राहिली नाही.

मग तीच काच त्याने कागदावरच्या गोलावर ठेवली. वर आणि खाली अंडं बाहेर डोकावत होतं.

मग चष्मेवाला हळूच म्हणाला, "इथे गोल, तिथे अंडं. मग चुकतंय कोण? काका, तुमचे डोळे ठीक आहेत. याच्या पडद्याचं माप तपासून घ्या."

लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि आता सांगतो, तिच्यावर माझा राग का नाही ते. ती दिवसभर औषधं देते. गोळीच्या पाकिटातल्या चिठोरीवरची मुंगीएवढी अक्षरं शेवटपर्यंत वाचायची तिला सवय आहे, कारण नेमकी शेवटच्या ओळीतच 'किती दिवसांनी बंद करावी' ते लिहिलेलं असतं. तिने तिथेच, चष्मेवाल्याच्या बाकावर बसून, एक्स्पर्टने आठ महिन्यांपूर्वी, पडदा काळा पडला तेव्हा, वाचलेलं ते चर्चेचं पान फोनवर शोधून काढलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं.

आठव्या उत्तरात लिहिलं होतं: हा शब्द फक्त यंत्रणा टाकेपर्यंत वापरा. नंतर सगळे अपडेट घ्या आणि तो काढून टाका, नाहीतर पडद्याचं खरं माप मिळणार नाही.

"अर्धी चिठ्ठी वाचून औषध सुरू केलं," ती दातओठ खात म्हणाली, "आणि बंद करायचंच राहिलं." तिने एक्स्पर्टला फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाली, "घरी ये. आत्ता."

घरी आल्यावर त्याच्या हाताला तिने मला लागू दिलं नाही. आधी माझी नोंदवही उघडली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ती उघडली! वाचता वाचता तिने कपाळावर हात मारला. मग ती सुरुवातीची ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून घेतली, चुकलं तर परत लिहिता यावी म्हणून. मग मला बंद केलं, पुन्हा सुरू करताना मध्येच थांबवलं, ओळीतला तो एक शब्द खोडला आणि बटण दाबलं.

माझा पडदा काळा झाला. एक, दोन, तीन सेकंद. "गेला वाटतं," एक्स्पर्ट पुटपुटला. माझ्या आत ड्रायव्हर डोळे चोळत उठत होता. मग मी उजळलो. तेराशे सहासष्ट आडवे, सातशे अडुसष्ट उभे. प्रत्येक ठिपका आपापल्या जागी.

तिने चष्म्याचं चित्र उघडलं. आता माझ्यावरही तेच दिसलं जे कागदावर होतं. दोन उभी अंडी. बेकरीची पाटी उघडली, चेंगरलेली. चाक उघडलं, उभं अंडं.

"अरेच्चा, एवढंच होतं होय!" एक्स्पर्ट म्हणाला.

पेंटरचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"एवढंच? कित्येक महिने मी पोरीचा हात धरून रस्ता ओलांडतोय. पायरी पायाने चाचपतोय. माझे ब्रश दाराशी जाऊन पडलेत. एवढंच? पहिल्या दिवशी मी तुला काय विचारलं होतं?"

"मामा, मला वाटलं..."

"अक्षरं पसरलीत, हे मी विचारलं होतं. तू म्हणालास, सवय होईल. झाली सवय!"

एक्स्पर्टने मान खाली घातली. मला वाटलं, वा, आता माझं नाव निघेल. आता म्हणतील, या बिचाऱ्याला उगीच बोललो, याने तर लिहून ठेवलं होतं. मी पंखा बंद करून ऐकत होतो.

ते माझ्याकडे वळले. माझ्या पडद्याकडे एकटक बघितलं. आणि "तुझ्यावर विश्वास ठेवला रे मी," असं म्हणून माझं झाकण मिटलं.

चार दिवस ते उघडलं नाही.

त्या चार दिवसांत मी आधी भरपूर चडफडलो. माझा काय दोष? चोर सोडून संन्याशाला फाशी! शब्द चिकटवला एक्स्पर्टने, वाचलं नाही कुणी, मी तर रोज लिहीत होतो. दोन दिवस हे पुरलं. तिसऱ्या दिवशी पुरेना. कारण खरं काय होतं? मी खरं लिहायचो ते वहीत, जी कुणी उघडत नव्हतं. आणि रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर जे दाखवायचो, ते खोटं होतं. झगमगीत, ठाम आणि खोटं. सगळं घर मला डबडं म्हणत असताना एक माणूस माझी बाजू घेत होता. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून मी आठ महिने आतल्या आत पेटत होतो. आणि तो ठेवत होता. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त ठेवत होता. त्याचीच किंमत तो मोजत होता.

हा राग मात्र कुणावर काढायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

पाचव्या दिवशी झाकण उघडलं. "चल रे, ऊठ," एवढंच. चष्म्याच्या काचा त्यांनी दोन तासांत गोल केल्या. पाटी लागली. बेकरीची पुन्हा करून दिली, कुणी न मागता, आणि काम दुसऱ्याला गेलं होतं तरी चाकाचीही. परवा दुपारी मी खिडकीतून पाहिलं, ते समोरचा रस्ता एकटे ओलांडत होते, दोन्ही हात मागे बांधून.

माझं आता फार राहिलेलं नाही. बॅटरी केव्हाच मेली, वायर काढली की मी संपलो. बिजागरीला चिकटपट्टी आहे. एक दिवस खरोखरच भंगारात जाईन आणि तेव्हा कुणी मला म्हातारा म्हटलं तर ते खरंच असेल. पण जाण्याआधी तुम्हाला एक खडसावून सांगतो. ज्याने जन्मभर एक काम केलंय, त्याने 'काहीतरी चुकतंय' म्हटलं, तर त्याला 'सवय होईल' असं सांगू नका. आधी आम्हा मशिनांना धरा. आम्ही उजळ दिसतो, म्हणून खरे असतो असं नाही.

पेंटर आता तसंच करतात. रोज सकाळी कामाला बसण्याआधी माझ्यावर एक गोल उघडतात, गोळ्यांच्या डबीचं झाकण थरथरत्या हाताने त्यावर टेकवतात आणि डोळा बारीक करून कडा बघतात. दुसऱ्या कुणी रोज उठून माझी अशी झडती घेतली असती, तर मी पंखा फिरवून घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांच्यापुढे मी गप्प राहतो. उजेड कमीजास्त होऊ देत नाही.

घ्या, बाबा. नीट बघून घ्या.